खडा नाही

त्या कोशाच्या कचेरीत एक रीत होती. इंग्रजी शब्द, त्याचे अर्थ, वापराची वाक्यं, शेजारी मराठी आणि तमिळ असा गठ्ठा तयार झाला, की लिहिणारीने त्यात मुद्दाम एक चूक पेरायची. तिला म्हणायचं खडा. तपासणारीने तो वेचून काढायचा आणि मगच सही करायची. सही झाली की पेरणारीने साहेबांसमोर खड्यावर बोट ठेवायचं. खडा निसटलेला निघाला, तर तपासणारीचं काम गेलं. डोळे उघडे राहावेत म्हणून कुणा जुन्या संपादकाने ही युक्ती काढली होती. आता तिच्या आधाराने माणसं एकमेकांचे डोळे काढत.

तमिळ लिहिणारीला कचेरी पाठीमागे 'चाळण' म्हणे. तिची मातृभाषा तमिळ, पण टोमणा मराठीत मारायची आणि तो कधी वाया जात नसे. समोरच्या टेबलावर तपासणारी बसे. पदवीला तमिळ घेतलेली, दीड वर्षाच्या मुलीची आई. मुलगी घरभर धावायला लागली होती, तरी चाळणीच्या तोंडी ती अजून बाळंतीणच होती.

"काय बाळंतीणबाई, घड्याळ भिंतीवरून उतरवून मांडीवर देऊ का? सारखी मान वर करून दुखत असेल."

"नको ताई. तुमचा गठ्ठा आला की मान खालीच राहील."

गठ्ठा एरवी जेवणाआधी यायचा. आज उन्हं कलली तरी चाळण पानं खालीवर करत बसली होती. ती मुद्दाम करतेय हे आईला कळत होतं, आणि का करतेय तेही. सकाळी पाळणाघरवाली दारातच म्हणाली होती, "काल पुन्हा उशीर. आज सहाच्या पुढे आलात तर उद्यापासून दुसरीकडे बघा. मलाही घर आहे." दुसरीकडे कुठेच जागा नव्हती. पाळणाघर गेलं म्हणजे नोकरी गेली. कचेरीच्या बोळात तिने नवऱ्याला फोन केला, तर तो म्हणाला, "मी बाहेरगावी आहे, तूच बघ ना काहीतरी." फोन ठेवून वळली, तर मागे नळावर चाळण बाटली भरत उभी. बाटली केव्हाच भरून वाहत होती.

शेवटी गठ्ठा आदळला. "छपाईला जायचाय. सहीशिवाय उठायचं नाही, साहेबांनी बजावलंय."

शब्द होता 'मॅनेज'. पहिला अर्थ चालवणं, कारभार पाहणं: कारखाना चालवतो, दुकान चालवते. तिथे तमिळ 'निर्वगि'. दुसरा, कसंबसं साधणं: धावतपळत बस गाठली. तिथे 'एप्पडियो', म्हणजे कसंतरी. तिसरा, वेळ जमणं: शुक्रवारी जमेल का? चौथा, अडचणीत निभावून नेणं. तिथे 'समाळि'.

तिने पहिल्यापासून वाचलं. खडा नव्हता. गेल्या खेपेला चाळणीने 'कसंबसं'च्या जागी 'एळिदाग' टाकलं होतं, म्हणजे सहज, आणि ते पटकन दिसलं होतं. म्हणून या खेपेला लपवला असणार. तिने शेवटाकडून वाचलं. मग एकेक शब्द पेन्सिलीने दाबून. बाईच्या जागी पुरुष नव्हता, कालच्या जागी उद्या नव्हता. पानं स्वच्छ होती, नीट पाखडलेल्या तांदळासारखी.

तिने घड्याळाकडे पाहिलं. मुलीचे बूट पाळणाघरवालीने एव्हाना घातले असतील. बूट घातले की ती दारात जाऊन उभी राहते आणि येणाऱ्या प्रत्येक बाईकडे आधी हसून बघते. मग हसू उतरतं. हे आईने एकदा कोपऱ्यावरून पाहिलं होतं आणि तेव्हापासून ते तिच्या डोळ्यांपुढून हलत नव्हतं.

"नाही ना सापडत?" चाळण पर्स आवरत म्हणाली. "डोळ्यांचं तेज बाळंतपणात जातं म्हणतात."

"जिभेचं कशात जातं ताई? तुमचं अजून तसंच आहे."

चाळण हसली नाही. पण उठलीही नाही. तिची पर्स आवरून झाली होती, बाटली आत गेली होती, आणि तरी ती खुर्चीत रेलून बसली होती. घरी जायची घाई असलेली बाई कुणी असं बसत नाही. ती बघायला बसली होती. नसलेली वस्तू कुणी किती वेळ शोधतं, ते बघायला.

आईने पेन उचललं आणि समासात लिहिलं, 'खडा नाही'. खाली सही केली.

"साहेब, जरा येता का?"

साहेब चष्मा कपाळावर सरकवत आले. वाचून त्यांनी चाळणीकडे पाहिलं. "दाखवा."

चाळणीचं बोट पानावर फिरलं, अडखळलं, आणि शेवटच्या वाक्यावर टेकलं. नवरा दूर, मूल आजारी, तरीही ती एकटी घर मॅनेज करते. "इथे घर चालवणं आहे. निर्वगि हवं होतं. मी समाळि टाकलं. हाच खडा."

क्षणभर आईला वाटलं, संपलं सगळं. मग तिने वाक्य पुन्हा वाचलं आणि तिला राग आला, भीतीपेक्षा मोठा.

"नाही साहेब. घर चालवणं नव्हे हे. आधी 'तरीही' आहे. नवरा नाही, मूल आजारी, तरीही ती निभावून नेतेय. निर्वगि लिहिलं तर ती कारखान्याची मालकीण वाटेल. ताईंनी लिहिलंय तेच बरोबर आहे. याहून चांगलं कुणाला जमणार नाही."

साहेब चाळणीला म्हणाले, "छपाईला जाणाऱ्या पानावर तुम्ही स्वतःचा शब्द चूक म्हणताय. मग तसं लिहून द्या. खाली तुमचं नाव."

चाळणीने आयुष्यात चुकीच्या ओळीखाली नाव घातलं नव्हतं. ती पानाकडे बघत राहिली.

"समाळि बरोबर आहे," ती म्हणाली. "खडा घालायचा राहिला."

"राहिला?"

"राहिला म्हटलं ना."

साहेबांनी सही केली. आईने पर्स खांद्याला अडकवली, तेव्हा मागून आवाज आला, "पळा. रोज थोडंच वाचाल?"

ती पळालीच. पाळणाघरवाली कुलूप हातात घेऊन पायरीवर उभी होती. रस्त्यापलीकडच्या घड्याळाकडे बघून ती नाराजीनेच म्हणाली, "आज आलात वेळेत." मुलीने आईला पाहून तोंड फिरवलं. कडेवर घेतलं तरी मान ताठ, गाल फुगलेले.

"रागाव," आई तिच्या केसांत पुटपुटली. "रागाव तू पण."

उद्याचा गठ्ठा उलटा होता. मराठीची बाजू आईने लिहायची आणि तपासायची चाळणीने. रीतीप्रमाणे खडा तिने घालायचा. घरी पोचेपर्यंत तिने तो निवडलासुद्धा. खरा, रीतीतला, एकच. पण चाळणीतून गळून जाईल इतका बारीक.