पिवळं ताट

"ते पांढरं नाही काका, तुमचं हे पिवळं."

ओव्हाळांनी हात मागे घेतला नाही. पांढरं ताट त्यांनी ढिगातून उचललंच होतं. "माझं म्हणजे?"

"बाहेरून येणाऱ्यांचं," पुष्कर म्हणाला. विद्यापीठाच्या भोजनगृहाचा तो नवा मॅनेजर. गळ्यात ओळखपत्र, चेहऱ्यावर कायमचं हसू. "आजपासून सुरू केलंय. पांढरी ताटं स्टुडंट्स आणि स्टाफला, पिवळी व्हिजिटर्सना. बसायची सोयही वेगळी केलीय तुमची. तिकडे, बेसिनजवळ."

सुखदेव ओव्हाळ टेलिफोन खात्यातून लाइनमन म्हणून निवृत्त झालेले. घर विश्रांतवाडीत. बायको, कांता, गेल्यापासून त्यांचं दुपारचं जेवण इथेच व्हायचं. हे खासगी विद्यापीठ घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर होतं आणि त्याचं भोजनगृह सगळ्यांना खुलं होतं. दारात कुपन घ्यायचं आणि हवं ते, हवं तेवढं वाढून घ्यायचं. खरं तर ओव्हाळ नुसत्या जेवणासाठी येत नसत. त्या पोरांच्या गलक्यात आपण एकटेच जेवतोय असं वाटत नसे. कायद्याच्या वर्गातली उत्कर्षा तर बऱ्याचदा शेजारी येऊन बसे आणि "काका, आज भेंडीच्या वाटेला जाऊ नका" असं बजावून ठेवे.

"कशासाठी हे?" त्यांनी विचारलं.

"विशेष काही नाही हो. पालकांच्या तक्रारी असतात. हायजीन वगैरे. शिवाय ओळखायला सोपं जातं."

"काय ओळखायला?"

"बाहेरचं कोण ते."

ओव्हाळांना एक जुना कप आठवला. नोकरीच्या सुरुवातीला सदाशिव पेठेतल्या एका घरी ते फोन दुरुस्त करायला गेले होते. बाईंनी चहा दिला आणि तो पिऊन झाल्यावर आडनाव विचारलं. काही महिन्यांनी पुन्हा त्याच घरी जायची वेळ आली, तेव्हा खिडकीबाहेरच्या कुंड्यांमागून तोच कान तुटलेला कप निघाला, विसळला गेला आणि त्यात चहा आला. कप त्यांच्यासाठीच तिथे ठेवलेला होता. फोन दुरुस्त करून ते निघाले. चहा तसाच राहिला. त्यानंतर उभ्या नोकरीत त्यांनी कुणाच्या घरी चहा घेतला नाही.

"साहेब, आमच्या माणसांना वेगळं भांडं म्हणजे काय असतं, माहितीय तुम्हाला?"

पुष्करचं हसू पहिल्यांदा मावळलं. "छे, छे! काका, जातीचा काय संबंध इथे? मी असलं काही मानत नाही."

"तुम्ही नाही मानत. तुमचं ताट मानतंय."

रांग थांबली होती. पुष्करने इकडेतिकडे बघून आवाज खाली आणला. "बरं, असं करू. तुम्ही रोजचे. तुम्ही घ्या पांढरं, मी काही बोलणार नाही. प्लीज, सीन नको."

ओव्हाळांनी मागे वळून पाहिलं. गेटबाहेरच्या स्टँडवरचा रिक्षावाला बजरंग पिवळं ताट छातीशी धरून, खाली मान घालून उभा होता.

"आणि ह्याला?"

"सगळ्यांना कसं चालेल, काका?"

"मग मलाही नाही चालत."

त्यांनी ताट ढिगावर परत ठेवलं. उत्कर्षा जागेवरून उठली. "सर, हे चूक आहे."

"तू जेव," पुष्कर म्हणाला.

हॉल क्षणभर गप्प झाला. मग एक चमचा वाजला, दुसरा वाजला आणि बघता बघता सगळा गलका पुन्हा पूर्वीसारखा सुरू झाला. पुष्करच्या बोलण्यापेक्षा ओव्हाळांना तेच जास्त लागलं. न जेवता ते बाहेर पडले.

संध्याकाळी मुलीचा, पायलचा, हैदराबादहून फोन आला. "जय भीम पप्पा. जेवलात का?"

त्यांनी सगळं सांगितलं.

"पप्पा, ताटच तर आहे ना! आता तसलं काही नसतं हो. तुम्ही फार मनाला लावून घेता. मी ॲपवरून डबा सुरू करून देऊ का?"

"तुला नुसतं ताट दिसतं, कारण तुला कुणी वेगळं दिलं नाही. चांगलं झालं. पण मला शिकवू नकोस."

दुसऱ्या दिवशी उत्कर्षाला बरोबर घेऊन ते विद्यापीठाच्या कार्यालयात गेले. अधिकाऱ्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, "भावना समजल्या" म्हणाले, योग्य तो निर्णय घेऊ म्हणाले. निर्णय खरोखरच झाला. थोड्याच दिवसांत पिवळी ताटं गेली, बेसिनजवळची टेबलंही गेली. दारावर नवा बोर्ड लागला: फक्त विद्यार्थी व कर्मचारी यांच्यासाठी.

ओव्हाळ तो बोर्ड वाचून बाहेर आले, तेव्हा बजरंग रिक्षाला टेकून उभा होता.

"लई मोठं काम केलंत, काका."

ओव्हाळ थांबले.

"पिवळ्यात तर पिवळ्यात, गरम जेवान मिळत व्हतं. बायको-पोरं गावाला हायेत माझी. आता रोज वडापाव गिळायचा."

"त्या दिवशी तुला राग नाही आला?"

"आला की. पण भूकबी लागली व्हती."

पुष्करचा, त्या अधिकाऱ्याचा, वाजणाऱ्या चमच्यांचा राग ओव्हाळांना होताच. आता ह्या माणसाचाही येऊ लागला, आणि त्याचं चुकतंय कुठे तेही सापडेना.

"चल माझ्याकडे," शेवटी ते म्हणाले. "भात येतो मला. वरणाचं सांगता येत नाही."

"धंद्याचा टाइम हाय."

"जेवायचाही आहे."

भात चिकट झाला. वरणात मीठ कमी पडलं. बजरंग हात धुऊन ताट घेऊन जमिनीवर बसायला लागला, तेव्हा ओव्हाळांनी खुर्ची ओढून दिली. "इथे बस. समोर."

दोघं जेवू लागले. बजरंगच्या कपाळावरची आठी तशीच होती.

"तुमी करायला नको व्हतं ते," मध्येच तो म्हणाला.

"उद्या वेळ आली तर पुन्हा करीन," ओव्हाळ म्हणाले.

बजरंगने त्यांच्याकडे रागाने पाहिलं, कुकर पुढे ओढला आणि आणखी भात वाढून घेतला.