रोज नऊ चाळीसला ‘पोचलो’

‘पोचलास की कळव,’ ही आईची अट. मी बार्शी सोडली तेव्हा घातलेली. चार वर्षं झाली, अजून उठलेली नाही. मी धायरीत एकटा राहतो, हिंजवडीत नोकरी करतो, आणि माझं ‘पोचलो’ आल्याशिवाय आई सकाळचं जेवत नाही. तिला शुगर आहे. नाश्ता ती मानत नाही.

मी कळवायला विसरायचो, म्हणून स्क्रिप्ट, म्हणजे एक छोटा प्रोग्राम, लिहिली. क्रॉन नावाची सोय असते; तिला वेळ सांगितली की कॉम्प्युटर आपलं आपण काम उरकतो. रोज नऊ चाळीसला आईला मेसेज: ‘पोचलो’. रविवारीसुद्धा. रविवारी मी गादीवर पोचलेला असायचो. त्यापलीकडे आमचं बोलणं उरलं नव्हतं. सगळं व्यवस्थित चाललं होतं.

मागच्या सोमवारी लॅपटॉप मेला. स्क्रिप्ट भाड्याच्या सर्व्हरवर हलवली. आज नऊ पन्नासला ऑफिसात सहज पाहिलं, तर आजचं ‘पोचलो’ गेलेलंच नाही.

हाताने चालवली. गेलं. म्हणजे स्क्रिप्ट ठीक. परवानग्या ठीक. फाइलचा पत्ता पूर्ण. सर्व्हरची नोंदवही, लॉग, उघडला: काल ९:४०, परवा ९:४०, एक दिवस खाडा नाही. शेजारच्या टेबलावरची तनुजा म्हणाली, “सर्व्हरला वेळ विचार की.”

विचारली. सर्व्हर म्हणाला, पहाटेचे चार तेवीस.

तो ग्रिनिचच्या घड्याळावर होता, साडेपाच तास मागे. त्याचे नऊ चाळीस म्हणजे आपले दुपारचे तीन दहा.

तेवढ्यात आईचा फोन.

“आज एवढ्या लवकर पोचलास? रस्ता मोकळा होता?”

“आई, मागच्या सोमवारपासून मी रोज तीन वाजता पोचतो असं वाटलं तुला?”

“हिंजवडीचं ट्रॅफिक पेपरात वाचते मी.”

“सहा तास?”

“मला काय माहीत बाबा. तू काही सांगत नाहीस.”

“आणि तू जेवत कधी होतीस?”

“तू पोचल्यावर.”

“फोन नाही केलास?”

“बसच्या गर्दीत दांडी धरून उभा असशील. हात कुठला मोकळा असणार.”

मी म्हटलं, आत्ता वाढून घे, फोन चालू ठेव. ताट सरकल्याचा आवाज आला, भाकरी मोडल्याचा. काच वाजवून मॅनेजर बद्रीनाथ मीटिंगला बोलवत होता.

“भाजी कसली?” मी विचारलं.

“दोडक्याची. तुला आवडत नाही.”

“कशी झालीये?”

ती सांगायला लागली.