ताईने वाचलेला बेडूक

पडद्यावरच्या पुलावर बेडूक बसलाय. कंदीलवाला त्याच्यापुढे जाऊन उभा राहतो. ती बटण दाबते आणि बेडूक बोलतो:

तुझी बहीण इथूनच गेली. जाताना तुझं नाव घेत नव्हती.

ती गेमचा कन्सोल टेबलावर पालथा ठेवते. टेबलावर प्लास्टरची धूळ, मेणाचे तुकडे आणि कुणाची तरी अर्धवट झालेली कवळी. जेवणाची सुट्टी आहे. कन्सोल पलीकडच्या टेबलावरच्या चष्मिसचा आहे. तोही तिच्यासारखा कवळ्याच करतो.

"काय झालं? मेलीस?" तो विचारतो.

"नाही."

"मग दातओठ कशाला खातेस? इथे दुसऱ्यांचे करायचा पगार मिळतो."

"हे वाक्य माझं आहे."

"कुठलं?"

"बेडकाचं."

चष्मिस घास तोंडाशी धरून तिच्याकडे बघत राहतो.

*

चष्मिसला सांगितलं ते असं.

मामा बाहेरगावी नोकरीला होता, त्याने लहानपणी हा गेम पाठवला. कंदीलवाल्याचा पहिला भाग, हातात धरायचा करडा कन्सोल, बॅटरीच्या झाकणाला रबरबँड. अक्षरं कुठल्यातरी परक्या भाषेतली, घरात कुणालाच न येणारी. पण धाकट्या भावाला आपली अक्षरंही येत नव्हती, आणि भाषा वेगवेगळ्या असतात हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. अक्षरं म्हणजे अक्षरं, आणि ताईला वाचता येतं. तो बटणं दाबायचा, पडद्यावर ओळी यायच्या आणि तो म्हणायचा, ताई, वाच.

ती वाचायची, मनानेच रचून.

कंदीलवाल्याला तिने एक थोरली बहीण दिली. तिची वस्तू त्याने मोडली आणि वर मी नाही म्हणाला, म्हणून ती घर सोडून निघाली. प्रत्येक विहिरीपाशी, प्रत्येक पुलावर भेटणारा कुणीतरी तिच्याबद्दल सांगायचा, आणि दर वेळी तिचा राग थोडा वाढलेला असायचा. धाकटा रडकुंडीला यायचा, पण बटण सोडायचा नाही. शेवटच्या दारापाशी कन्सोलचा पडदा काळा पडला तो कायमचा. दाराआड काय होतं ते तिने कधी वाचलंच नाही. पुढचे भाग आले तोवर ती कामाला लागली होती. धाकटा ते एकट्याने खेळला.

"आणि आता?" चष्मिस म्हणाला.

आता पहिला भाग नव्याने निघालाय, आपल्या भाषेत. सुरुवातीलाच मोठ्या अक्षरांत येतं, कथा आणि संवाद, आणि खाली धाकट्याचं नाव.

चष्मिसने हळूच फोन पुढे केला. त्यावर धाकट्याची मुलाखत होती. तो हसतोय आणि सांगतोय, लहानपणापासून मला गोष्टी रचायचा नाद.

*

"बोल ताई. खेळलीस?" धाकट्याने फोनवर विचारलं.

"बेडूक काय म्हणतो?"

"ताई, मी तुला सांगणारच होतो..."

"बेडूक काय म्हणतो ते सांग."

"तुझी बहीण इथूनच गेली."

"पुढे."

"जाताना तुझं नाव घेत नव्हती."

"कुणी लिहिलंय हे?"

फोनमध्ये कुणीतरी खुर्ची सरकवल्याचा आवाज.

"मूळ गेममध्ये तो काय म्हणतो माहितेय तुला? दुकान बंद आहे, उद्या या. एवढंच. मी ती भाषा शिकलो, ताई. अख्खी भाषा. त्या बेडकासाठी. आणि पहिल्यांदा स्वतः वाचलं, तर दुकान बंद. कंदीलवाल्याला बहीणच नाही. तो कंदील विकायला निघालाय."

"मग?"

"मग काय मग? तू मला गंडवलंस."

"तुला धड नाक पुसता येत नव्हतं. तुला काय सांगायला हवं होतं, मला वाचता येत नाही म्हणून?"

"हो."

तो ‘हो’ तिच्या कानात जाऊन बसला. तिने फोन दुसऱ्या कानाला लावला.

"गंडवलं तर गंडवलं. मग तेच कशाला छापलंस?"

"आधी मी खरं भाषांतर केलं होतं. दुकान बंद, उद्या या. आमच्या गेम कंपनीतल्या साहेबांनी वाचलं, मी वाचलं. जीवच नव्हता त्यात. मग तुझं टाकलं. सगळ्यांना आवडलं."

"आणि खाली नाव?"

"काय लिहिणार होतो? ताई?"

"मला नाव आहे."

"तेव्हा ते सुचलं नाही गं. घाईत होतो."

"मुलाखत द्यायला बरी सवड मिळाली."

*

जे ती बोलली नाही: की तिने आयुष्यात एकच गोष्ट रचली. की रोज ती कुणाच्या ना कुणाच्या तोंडात बसेल असं काहीतरी घडवते आणि त्यावर तिचं नाव नसतं, आणि त्याबद्दल तिने कधी ब्र काढलेला नाही, कारण जबडा त्यांचाच असतो. की या गोष्टीतला जबडा मात्र तिचा होता.

*

मग ती दर सुट्टीत खेळते. डबा तसाच राहतो. विहिरीतली म्हातारी तिची. भिंतीवरची पाल तिची, तिच्या त्या खोचक बोलण्यासकट. पालीच्या एका वाक्याला तिला हसू येतं आणि त्याचाही राग येतो. चांगलं आहे, हेच तर दुखणं आहे. वाईट असतं तर घेऊन टाक म्हणाली असती.

"माझा कन्सोल आहे तो," चष्मिस म्हणतो. "बटणं जरा दमानं."

ती शेवटच्या दारापाशी येते. इथे पडदा काळा पडला होता. इथून पुढचं तिने कधी कुणाला वाचून दाखवलेलं नाही.

दार उघडतं. बहीण उभी आहे, हसतेय. आजूबाजूला फुलं उमलतात, पेटीसारखं काहीतरी वाजतं.

मी कधी रागावलेच नव्हते रे वेड्या. तुझीच तर वाट बघत होते.

ती ते दोनदा वाचते. मग फोन उचलते.

*

"शेवट कुणी लिहिला?"

"मी," धाकटा म्हणतो. आवाजात थोडी ऐट आहे. "तो पूर्ण माझा आहे."

"कळतंय. ती रागावलेली नव्हती, हे तुला कुणी सांगितलं?"

"शेवट गोड हवा होता, ताई."

"सगळ्या विहिरी, सगळे पूल, सगळीकडे तिचा राग. आणि दार उघडल्यावर विसरली? का? तू आलास म्हणून?"

"मी नाही, कंदीलवाला."

"तूच."

चष्मिस मान खाली घालून एक दाढ घासायला लागतो. ती आधीच गुळगुळीत आहे.

"काढ ते वाक्य."

"गेम विकला गेलाय. लोकांच्या हातात आहे."

"तुम्ही लोक सारखे काहीतरी पाठवत असता ना, दुरुस्ती म्हणून? इथे चष्मिसच्या कन्सोलवर रोज उतरत असतं. तसं पाठव."

"त्याला परवानगी लागते."

"माग. कुणाची गोष्ट आहे तेही त्याच वेळी सांग, आणि माझं नाव घालून घे. पूर्ण नाव. ताई नाही."

धाकटा म्हणतो, "बरं. मागतो. पण तिथे लिहू काय?"

तिने हे ठरवलेलं नव्हतं. पण ओळ समोर दिसावी तशी ती बोलते, न अडखळता.

"ती दारात उभी राहील. हसायचं नाही. फुलं नकोत, ती पेटी बंद कर. आत बोलवायचं नाही. तिने एवढंच विचारायचं, इथवरचा रस्ता तुला कुणी सांगितला?"

"आणि तो काय म्हणेल?"

"ते तू लिही."

"आणि चुकीचं लिहिलं तर?"

"दार लागेल."

ती फोन खाली ठेवत नाही. सुट्टी संपल्याची घंटा होते. चष्मिस तिच्या टेबलावरची कवळी उचलून आपल्या टेबलावर नेतो, आणि ती फोन कानाला घट्ट धरून, कपाळावरची आठी तशीच ठेवून, तो काय बोलतो याची वाट बघत बसते.