तांबडा सदरा

केझायानं मक्याच्या पावाची टोपली खडकावर ठेवली आणि आधी तळ्याकडं पाहिलं. पाणी थिजल्यासारखं झालं होतं. पलीकडचा डोंगर त्यात उलटा उभा, एक पान हलत नव्हतं. शहरातल्या माणसाला वाटावं, काय ही शांतता! केझायाची नजर मात्र डोंगरातल्या खिंडीकडं गेली. गेल्या उन्हाळ्यातही असंच सगळं गप्प झालं होतं, आणि मग खिंडीतून वारा सुटला तो शेजारच्या दोघा भावांना घेऊनच गेला.

तळ्याच्या मधोमध होडीत तिचा बाप एसा बसला होता. तांबडा सदरा घालून, खिंडीकडं पाठ करून, अगदी ताठ. चित्रात माणूस हवा म्हणून चित्रकार लॅथ्रपनं त्याला सकाळीच तिथं धाडलं होतं. म्हातारा ठार बहिरा. तेव्हा असं ठरलं, की काठावरून पांढरा रुमाल हलेपर्यंत त्यानं जागचं हलायचं नाही. आणि एसानं शब्द दिला की संपलं. एक नंबरचा हट्टी माणूस.

“साहेब, बाबांना बोलवा आता,” ती म्हणाली. “खिंडीत काळं भरून आलंय.”

लॅथ्रप एक डोळा मिटून आपलं चित्र न्याहाळत होता.

“कुणाला?”

तिनं चित्राकडं पाहिलं. डोंगर होता, आभाळ होतं, आरशासारखं पाणी होतं. होडी नव्हती.

“होडीतले बाबा कुठं गेले?”

“माणूस होय? तो मी केव्हाच खरवडून काढला, बाई. होडीसकट. शांतता बिघडत होती.”

“अहो, मग ते अजून तिथं का बसलेत?”

लॅथ्रपचा चेहरा खर्रकन उतरला. विसरलोच, असं काहीसं पुटपुटत त्यानं घाईघाईनं खिशातला रुमाल काढला आणि हात उंच करून हलवला. रुमाल तांबडाभडक झाला होता. चित्रातला सदरा त्यानं त्या रुमालानंच पुसला होता.

केझाया गुडघाभर पाण्यात धावली. घसा फोडून ओरडली, आपला तपकिरी एप्रन सोडून हलवत राहिली. म्हाताऱ्यानं लेकीला ओळखलं. जेवायला बोलावतेय असं वाटलं असावं. हात वर करून त्यानं थांब अशी खूण केली आणि पुन्हा ताठ बसला.

त्याच्या पाठीमागं, खिंडीच्या बाजूनं, पाण्यातला डोंगर फुटत फुटत होडीकडं येत होता.