शंभरापैकी शंभर

नोरीन हॅड्रिक आमच्या पथकात आली ती निवृत्त झाल्यावर. त्याआधी चौतीस वर्षं तिने पोर्ट टॅलनच्या शाळेत गणित शिकवलं. गावातल्या निम्म्या कोळ्यांना पाढे तिनेच पाठ करायला लावले होते.

पथक म्हणजे आम्ही चौदा स्वयंसेवक, धक्क्याच्या टोकाला एक पत्र्याची खोली, एक रेडिओ आणि एक संगणक. समुद्रात जाणारा आम्हाला रेडिओवर सांगून जातो: कोण, कुठे, किती जण, परत कधी. आम्ही ते संगणकात भरतो. सांगितलेल्या वेळेवर अर्धा तास उलटला आणि होडी आली नाही, की संगणकाचा भोंगा वाजतो. मग आम्ही पोलिसांना कळवतो आणि शोधाला निघतो.

संगणक देणगीत आलेला, जुना. नोरीन येण्यापूर्वी तो वाटेल तेव्हा अडकून बसायचा. एकदा एका होडीला आग लागली असताना वीस मिनिटं पडदा गोठलेला होता. नोरीनने तो प्रकार पाहिला आणि पुढच्याच आठवड्यात एक प्रोग्राम घेऊन आली. संगणकाची सगळी निगा त्या एकाच प्रोग्राममध्ये होती. साठलेला कचरा काढणं, डिस्क तपासणं, जुने भाग अद्ययावत करणं, व्हायरस शोधणं. शेवटी तो संगणकाच्या तब्येतीला शंभरापैकी गुण द्यायचा. दर मंगळवारी सकाळी, होड्या कमी असताना, नोरीन डबा घेऊन यायची आणि दोन तास ते काम करत बसायची. दोन वर्षांत संगणक एकदाही अडकला नाही. हे मी मुद्दाम सांगतोय, कारण नंतर लोक ते विसरले.

"एवढी आंघोळ तर मी माझ्या कुत्र्यालाही घालत नाही," आमचा प्रमुख रॉस किटेल तिला म्हणायचा.

"ते तू आत आलास की कळतं," नोरीन मान वर न करता म्हणायची.

ती घटना घडली जुलैतल्या, म्हणजे आमच्याकडच्या ऐन हिवाळ्यातल्या, एका मंगळवारी. माझी पाळी बारापासून होती. मी पंधरा मिनिटं आधी पोचलो तेव्हा नोरीन चष्मा कपाळावर ढकलून पडद्याकडे बघत होती.

"तीन आठवडे झाले, लेस्टर, चौऱ्याण्णववर अडकलंय. आज कारण सापडलं बघ."

प्रोग्राम सांगत होता, की संगणक सुरू होताना अकरा गोष्टी आपोआप चालू होतात, त्यांची गरज दिसत नाही, बंद केल्या तर वेग वाढेल. खाली यादी होती. काहींची नावं कळत होती, काही नुसती अक्षरं आणि आकडे.

"हे आठवं काय आहे?" मी विचारलं.

"कोण जाणे. तू उघडलंयस कधी?"

"नाही बुवा."

"मीही नाही." तिने यादीतल्या सगळ्या नावांपुढे खूण केली आणि बटण दाबलं. संगणक बंद होऊन पुन्हा सुरू झाला, पूर्वीपेक्षा निम्म्या वेळात. पडद्यावरचा गुणांचा गोल हिरवा झाला आणि आत शंभर उमटले. नोरीन खुशीत हसली, शाळेत एखाद्या ढ मुलाला गणित सुटल्यावर हसायची तशी, आणि कोंबड्यांना दाणे टाकायला घरी गेली.

साडेबाराला लायल डन्स्टनचा आवाज आला. "लेस्टर, मी एकटाच आहे रे. खडकांच्या पलीकडे माकूळ मिळतात का बघतो. तीनला आत."

"दुपारनंतर वारा फिरणार आहे."

"तोवर मी ती तळायलाही घेतलेली असतील."

मी त्याचं नाव भरलं. त्या दिवशी आणखी दोनच होड्या बाहेर होत्या, त्या दोनला परतल्या. मग मी पुढच्या महिन्याच्या पाळ्यांचा तक्ता करायला घेतला, त्याच पडद्यावर. लायलचं नाव त्या तक्त्याच्या मागे होतं. मला बघायची गरज वाटली नाही. इतक्या वर्षांत मी भोंगा ऐकायला शिकलो होतो, घड्याळ बघायला विसरलो होतो.

पाच वाजून दहा मिनिटांनी दार उघडलं. लायलची बायको इव्हेट दारात उभी होती. ती धक्क्यासमोरच्या बेकरीत काम करते.

"लायलची गाडी अजून होड्या पाण्यात सोडायच्या उतारावरच आहे. तुला काही बोलला का तो?"

मी तक्ता बाजूला केला. लायलचं नाव लाल झालं होतं. त्याच्यापुढे लिहिलं होतं: दोन तास दहा मिनिटं उशीर. लाल अक्षरं तशीच लुकलुकत होती आणि खोलीत अगदी शांतता होती.

बाहेर अंधार पडायला लागला होता आणि वारा दक्षिणेकडून चढला होता. पोलिसांना कळवलं. आमची बोट घेऊन रॉस निघाला, खेकडे धरणाऱ्या दोन बोटीही निघाल्या. पावणेसातला त्यांना लायलची अ‍ॅल्युमिनियमची होडी पालथी दिसली. लायल तिच्यापासून थोड्याच अंतरावर होता. अंगात जीवरक्षक जाकीट होतं, त्याने लायलला तरंगत ठेवलं होतं. पण थंडीने त्याचा जीव आधीच गेला होता. नेमका किती वाजता, ते डॉक्टरांनाही सांगता आलं नाही. चारच्या सुमाराला असेल, साडेपाचनंतरही असेल.

दुसऱ्या दिवशी सकाळी नोरीन खोलीत आली आणि थेट संगणकापुढे बसली. त्या प्रोग्रामने आपण केलेल्या प्रत्येक कामाची नोंद ठेवलेली होती. मंगळवार, अकरा बावन्न, अकरा गोष्टी बंद. तिने होड्यांच्या नोंदीचा प्रोग्राम बनवणाऱ्या माणसाला अ‍ॅडलेडला फोन लावला आणि आठवं नाव वाचून दाखवलं.

"तोच आमचा भोंगा," तो म्हणाला. "नोंदींपासून वेगळा चालतो तो. का?"

नोरीनने फोन ठेवला. रॉस तिच्या मागे उभा होता.

"हे बघ," तो हळूच म्हणाला, "संगणक जुना होता. चौकशीत सांगू, मशीन बिघडलं. त्यात काय खोटं आहे?"

"बिघडलं नव्हतं, रॉस. इतकं ठणठणीत ते कधीच नव्हतं."

तिने नोंद कागदावर छापून घेतली. मग बदल मागे घेण्याचं बटण दाबलं. एका क्षणात भोंगा पुन्हा चालू झाला, काहीच घडलं नसल्यासारखा. तेव्हा मात्र तिने दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

दफन झाल्यावर चार दिवसांनी ती इव्हेटकडे गेली. मीही गेलो, मला जायलाच हवं होतं. इव्हेट मोरीपाशी उभी राहून ऐकत होती. आमच्या गावात दारात आलेल्याला आधी चहा विचारतात. तिने बसाही म्हटलं नाही.

"हे मला कशाला सांगतेस?" सगळं ऐकून तिने विचारलं.

"दुसऱ्या कुणाकडून कळायला नको म्हणून."

"भोंगा वाजला असता तर तो वाचला असता?"

"मला माहीत नाही."

"तू मला शिकवलंयस, नोरीन. अर्धवट उत्तराला तू शून्य द्यायचीस."

मी म्हणालो, "इव्हेट, खोलीत मी होतो. नाव माझ्यासमोर होतं."

"कळलं," ती म्हणाली. "आता जा तुम्ही दोघं."

चौकशी आठ महिने चालली. निकालात कुणा एकाला दोष दिला नाही. एकट्या भोंग्यावर विसंबू नये, एवढं लिहिलं. नोरीनने राजीनामा आणला होता. सभेत कुणी म्हणालं, तो प्रोग्रामच काढून टाका. तेव्हा नोरीनने राजीनामा पर्समध्ये परत ठेवला आणि उभी राहिली.

"काढलात तर संगणक पुन्हा अडकेल," ती म्हणाली, "आणि दुसरा कुणीतरी जाईल. निगा राखायलाच हवी. मी ती नीट राखली नाही, इतकंच. न कळणाऱ्या गोष्टीला मी हात लावला."

तेव्हापासून अशी पद्धत पडली. साफसफाईआधी सगळ्याची प्रत काढायची. ज्याचं काम माहीत नाही ते बंद करायचं नाही, विचारायचं. पाळीवरच्या माणसाने दर अर्ध्या तासाला होड्यांची नावं पेन्सिलने कागदावर तपासायची. आणि काम संपलं, की एक खोटी होडी भरायची, तिला उशीर होऊ द्यायचा आणि भोंगा वाजेपर्यंत कुणी खोली सोडायची नाही.

पहिल्यांदा तो वाजला तेव्हा समोरच्या बेकरीतून इव्हेट धावत आली. हाताला कोपरापर्यंत पीठ होतं.

"कोण आहे?"

नोरीन बाहेर गेली. "कुणी नाही. खोटी होडी आहे. आम्ही भोंगा तपासतोय."

इव्हेट धापा टाकत उभी राहिली. "दर वेळी असं करणार?"

"दर मंगळवारी. तुला त्रास होत असेल तर खिडक्या लावून घेत जाऊ."

इव्हेटने समुद्राकडे पाहिलं. आतमध्ये भोंगा अजून चालूच होता, मला तो बंद करायचं सुचलं नव्हतं.

"नको," ती म्हणाली. "उघड्याच असू देत. मला ऐकू आला पाहिजे."

ती हात एप्रनला पुसत परत गेली. नोरीनशी ती त्यानंतरही कधी फारसं बोलली नाही.