थोरल्या पेटीला औषध

बहिणीकडून परतले ती थेट परसात गेले. हातातली पिशवीसुद्धा खाली ठेवली नव्हती. माणसांची विचारपूस नंतर, आधी माश्यांची, असं आमचे हे मला नेहमी टोचून बोलतात आणि ते काही खोटं नाही. परसात माझ्या मधमाश्यांच्या दोन पेट्या आहेत. एक थोरली, एक धाकटी. थोरली गुणाची, धाकटी महाखट.

धाकटीच्या दाराशी नेहमीची वर्दळ होती. थोरली गप्प होती. तिच्या फळीवर आणि खालच्या गवतात मेलेल्या माश्यांचा सडा पडला होता. दोन-चार अजून उताण्या पडून पाय झाडत होत्या. मी झाकण काढलं, पेटीचा वरचा मजला उतरवला, तर खाली तळाशी ढीग.

पेट्या जिच्याकडून घेतल्या त्या पेटीवालीला फोन लावला. ही बाई कधी ‘हॅलो’ म्हणत नाही, सरळ उलटतपासणीच सुरू करते.

“उपाशी मेल्या असतील. पोळ्याच्या घरांत डोकी खुपसून मेल्यात का बघ.”

“नाही गं. पोळ्याच्या चौकटी मधानं जड आहेत.”

“अळ्या सडल्यात? घाण वास येतोय?”

“अजिबात नाही.”

“मग गोचीड. औषधाच्या पट्ट्या लावल्या होत्यास ना?”

माश्यांच्या अंगाला एक बारीक लाल गोचीड चिकटते आणि त्यांना पोखरते. तिच्यासाठी औषध लावलेल्या पट्ट्या मिळतात, त्या चौकटींच्या मधे टांगायच्या. निघायच्या गडबडीत माझं ते राहून गेलं होतं. “ह्यांना फोनवर सांगितलं होतं,” मी म्हटलं. “पण गोचिडीनं अशी एकदम अख्खी पेटी मरते का?”

“नाही, हळूहळू रोडावते. मेलेल्या माशीची जीभ बघ. बाहेर आलीय का?”

मी एक माशी तळहातावर घेतली, चष्म्याजवळ आणली. जीभ बाहेर होती. दुसरी उचलली. तिचीही. तिसरी उचलायचा धीर झाला नाही.

“आलीय,” मी म्हटलं.

पेटीवाली म्हणाली, “मग बहुतेक विषच. शेजारी कुणी फवारलं म्हणावं, तर धाकटीला का काही झालं नाही? दोघी एकाच फुलांवर जातात. बाई, हे पेटीतच कुणीतरी टाकलंय. त्यातला मध कुणाच्या तोंडी लागू देऊ नकोस.”

ती काळजी मला नव्हती. मध काढणार कोण? हे माश्यांना इतके भितात की दोरीवरचे कपडे आणायलाही डोक्यावर टॉवेल घेऊन जातात.

ह्यांचं शिवणाचं दुकान म्हणजे आमची पुढची खोली. हे मशीनवर वाकून बाळाचं झबलं शिवत होते. मला बघून तोंडभर हसले, पण चेहरा उतरलेला वाटला. आठवडाभर स्वतःच्या हातचं जेवल्यावर दुसरं काय होणार, असं मनात म्हणून मी सोडून दिलं.

“अहो, थोरलीला औषध दिलं होतं का?”

“मारलं की परवा संध्याकाळी!”

मारलं. औषध आजाऱ्याला देतात, डोळ्यांत घालतात, जखमेवर लावतात. मारतात ते झुरळांवर.

“किती पट्ट्या लावल्या?”

“कसल्या पट्ट्या?”

“कपाटातल्या! खालच्या खणात होत्या त्या!”

“तू म्हणालीस खालच्या खणात औषध आहे. मी ओट्याखाली बघितलं, तिथे बाटली होती, किड्यांच्या औषधाची. गोचीड म्हणजे किडाच ना? वरचं झाकण उचललं, डोळे मिटले आणि फसाफसा मारलं. धाकटीलाही मारणार होतो, पण ती सटवी कानाला चावली. मग पळालो.”

आमच्या घरात खोकल्याचं ते औषध, उंदराचं तेही औषध आणि केसांना लावायचं तेही औषधच. ध चा मा होतो तो असा. तोंडाचा पट्टा सोडण्यासाठी मी श्वास घेतला, पण ह्यांचं अजून संपलं नव्हतं.

“गुण बघ किती लागला! काल झाकण काढलं तर एक माशी उठली नाही. मी, अगं, मी, या हातानं वरच्या मजल्यातली चौकट काढली! पोळ्याचा हा एवढा तुकडा कापला आणि बशीत घालून लेकीला दिला. म्हटलं, पहिला मध तिचा.”

बाळंतपणाला माहेरी आलेल्या आमच्या लेकीला सातवा महिना लागला होता.

“कुठे आहे ती?” मी विचारलं.

“झोपलीय. आज उठलीच नाही अजून.”

पुढच्या खोलीपासून तिच्या खोलीपर्यंत असं कितीसं अंतर? पण मी भिंतीला धरून चालत होते. माझ्या माश्या उपासमारीनं मेल्या असू देत, रोगानं मेल्या असू देत, दोन्ही पेट्या मरू देत, वाटेल त्यानं मरू देत, पण विषानं नको. हेच मनात चाललं होतं. ती कुशीवर निजली होती. उशाशी स्टुलावर बशी होती, पार चाटूनपुसून लख्ख.

मी तिला गदागदा हलवलं. ती हलली. डोळे उघडले आणि वैतागली.

“काय गं आई! रात्रभर पोटात लाथा मारल्यात ह्यानं. आत्ता कुठे डोळा लागला होता.”

“मध खाल्लास?”

“शू! हळू बोल.” ती माझ्या कानाशी आली. “बाबांना सांगू नकोस. मला वासानंच मळमळलं. पण ते इतके खूश होते, नाही कसं म्हणणार? म्हटलं अर्धा अर्धा खाऊ, आणि त्यांचं लक्ष नसताना माझाही तुकडा त्यांच्याकडे सरकवला. मेणसुद्धा चोखून खाल्लं त्यांनी. मी बोटसुद्धा लावलं नाही.”

“बरं झालं!” मी ओरडलेच. “बरं झालं गं बाई, त्यांनी खाल्लं ते!”

इतक्या आनंदानं मी आयुष्यात दुसरं काही बोलले नसेन. वळून बघते तर हे दारात उभे. गळ्यात टेप, कपाळावर घामाचे थेंब. माझ्या मागोमाग आले होते आणि सगळं ऐकलं होतं.

“काय होतं मधात?” ह्यांनी विचारलं.

सांगणं भाग होतं. “तुम्ही मारलंत ते. थोरली मेलीय सगळी.”

ह्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. लेकीला विचारलं, “खरंच नाही खाल्लंस? चाटलंही नाहीस?”

“नाही हो बाबा.”

“बरं झालं,” हे म्हणाले आणि दाराला धरून खाली बसले.

लेकीनं दवाखान्यात फोन केला. तिकडून सांगितलं, बाटली घेऊन ताबडतोब या. टॅक्सीत बाटली माझ्या मांडीवर आणि ह्यांचा हात माझ्या हातात होता. हात थरथरत होता. ते विषानं की भीतीनं, मला कळेना. काल रात्रीपासून डोकं गरगरतंय, गोड जास्त झालं असं वाटलं, हे त्यांनी आत्ता सांगितलं.

“अहो,” मी म्हटलं, “मला तसं म्हणायचं नव्हतं.”

“तसंच म्हणायचं होतं. मीही तेच म्हणालो की. त्यात चुकलं काय?” मग खिडकीबाहेर बघत म्हणाले, “पण आता माझ्यासाठीही काहीतरी म्हण. मला फार भीती वाटतेय गं.”

एवढ्या वर्षांत ह्यांना मी नको नको ते बोलले, कधी शब्दाला अडले नाही. आता एक शब्द सुचेना. मी नुसती ड्रायव्हरवर ओरडत राहिले, “अहो, जरा लवकर चला ना! लवकर चला!”