आता पाय दाबू का?

मी एक जुने सोनोग्राफीचे यंत्र आहे, मित्रांनो. माझे एक चाक कुरकुरते, म्हणून वॉर्डातल्या सिस्टर मला 'खटारा' म्हणतात. म्हणोत बापड्या! कारखान्यातून नवे आले तेव्हा माझा पडदा लख्ख होता आणि मला हात लावायला डॉक्टरांत चढाओढ लागायची. माणसाच्या कातडीआडचे मला दिसते, याचा भारी तोरा होता मला.

पण नुसते दिसून काय उपयोग? बघणारे माणूस लागते. ते मला डॉक्टरबाईंच्या रूपाने भेटले.

एका वर्षी विषाणूच्या तापाची साथ आली. खोकला, धाप, छातीत सूज. खाटा भरून गेल्या. या आजारात कधीकधी पायाच्या शिरेत रक्त गोठते आणि ती गुठळी सुटून फुप्फुसात जाऊन अडकते. म्हणून डॉक्टरबाईंचा शिरस्ता होता, छाती सुधारूनही ज्याची धाप जात नाही त्याचे पाय बघायचे. गार जेल लावून माझ्या प्रोबने, म्हणजे वायरीच्या टोकाच्या मुठीने, शीर हलकेच दाबायची. निरोगी शीर दाबताच चपटी होते, गुठळीची शीर दबत नाही. परीक्षा इतकी साधी, पण ती करायचे सुचले पाहिजे ना!

खिडकीजवळच्या खाटेवर एक बसचालक होते. ताप उतरला होता, घरी जायची पिशवीही भरून तयार होती. फक्त चार पावले चालले की दम लागे. "अशक्तपणा आहे हो, घरी गेलो की पळायला लागेन," ते म्हणायचे. डावी पोटरी ठणकते हे त्यांनी बायकोलाच तेवढे सांगितले होते, आणि ती माउली मायेने पोटरी चोळत बसली होती.

मला ढकलत आलेल्या डॉक्टरबाई दारातूनच ओरडल्या, "ताई, हात थांबवा!"

"अहो, दाबलं की बरं वाटतं त्यांना," ती गोंधळून म्हणाली. "आत गुठळी असली तर चोळल्याने सुटेल ती," डॉक्टरबाई म्हणाल्या.

जेल लागताच बसचालक दचकले. "आई गं, बर्फ आहे की काय!" उजवी शीर दबली. डाव्या गुडघ्यामागची मात्र तशीच गोल राहिली. लगेच छातीचा सीटी स्कॅन झाला. एक गुठळी फुप्फुसात पोचलीही होती. रक्त पातळ करणारे औषध त्याच तासाला सुरू झाले. काळ आला होता, पण वेळ आली नव्हती.

बायको आपल्या तळहातांकडे बघून रडू लागली. "माझ्याच हातांनी घात झाला असता."

डॉक्टरबाई तिच्याशेजारी टेकल्या. "हातांना माहीत नव्हतं, ताई. माया खरीच होती." त्या क्षणी मला त्यांचा फार अभिमान वाटला.

पुढे हातात मावणारे नवे यंत्र आले आणि माझी रवानगी जिन्याखाली झाली. पडद्यावर धूळ साचली, वायरीला गाठी पडल्या. एके दिवशी नव्या यंत्राची बॅटरी संपली, तेव्हा डॉक्टरबाईंनी स्वतः मला बाहेर ओढले, पदराने पुसले. समोर तेच बसचालक, तपासणीला आलेले. डावी शीर दाबली, चपटी झाली!

बायको हात मांडीवर आवळून बसली होती. त्या दिवसापासून तिने नवऱ्याच्या पायाला हात लावला नव्हता. हळूच म्हणाली, "आता पाय दाबू का?"

डॉक्टरबाईंनी माझा पडदा तिच्याकडे वळवला, शीर पुन्हा दाबून दाखवली. "बघा तुम्हीच. दाबा खुशाल."

मित्रांनो, तापातून उठलेल्या माणसाला धाप लागली, एकच पाय सुजला किंवा दुखला, तर चोळत बसू नका, डॉक्टरांना दाखवा. आणि जिन्याखाली एखादा खटारा दिसला, तर त्याच्या चाकात थेंबभर तेल घाला. त्याला अजून दिसते.